जुनी जीप बांधायला घेताना

जुनी गाडी घरी बांधायची म्हटलं तर जीपइतकी सोयीची गाडी दुसरी नाही, आणि जीपइतकी फसवीही नाही. सोयीची का, याचं उत्तर तिच्या जन्मकथेत आहे. फसवी का, याचं उत्तर तिच्या नंतरच्या सत्तर-ऐंशी वर्षांत.

1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने चारही चाकांना ताकद पोचवणाऱ्या हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली आणि पहिला नमुना 49 दिवसांत दारात उभा करा, अशी अट घातली. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम ही डबघाईला आलेली कंपनी त्याला तयार झाली. तिने बोलावलेल्या कार्ल प्रोब्स्ट या इंजिनिअरने दोन दिवसांत आराखडे काढले. 23 सप्टेंबर 1940 रोजी, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना गाडी मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला पोचली. पण बँटमचा कारखाना छोटा होता. लष्कराने विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनाही कामाला लावलं. विलीजकडे सरस इंजिन होतं: 2.2 लिटरचं, 60 अश्वशक्तीचं ‘गो-डेव्हिल’. मात्र तिची गाडी वजनात बसत नव्हती. लष्कराने वरची मर्यादा 2,160 पौंड, म्हणजे साधारण 980 किलो ठरवलेली. तेव्हा बार्नी रूस या मुख्य इंजिनिअरच्या माणसांनी बोल्टची जादा लांबी कापण्यापासून रंगाचे हात कमी करण्यापर्यंत सगळं केलं. 1941 ते 1945 या काळात विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या.

या घाईचा आणि काटकसरीचा फायदा आज अंगणात काम करणाऱ्याला मिळतो. बॉडीचा पत्रा बहुतेक ठिकाणी सपाट आहे. दरवाजे नाहीत, काच वर-खाली करायची यंत्रणा नाही. शिडीसारखी चेसी खाली आणि बॉडी वर बोल्टने बसवलेली. बोल्ट सोडले की चार-सहा जणांत बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. बॉनेट आणि पुढची जाळी काढली की इंजिनाभोवती मोकळी जागा मिळते आणि चेनकप्पीने ते उतरवता येतं. रणांगणावर, मोजक्या हत्यारांनी, नवख्या शिपायाला दुरुस्त करता यावी म्हणून ही गाडी अशी आखली गेली. तिचं लष्करी मॅन्युअलही, 1944 चं टीएम 9-803, त्याच शिपायासाठी लिहिलेलं आहे. आज त्याच्या प्रती सहज मिळतात. पहिला पाना हातात घेण्याआधी ते वाचून काढावं.

लो-बॉनेट, हाय-बॉनेट

आपल्याकडे जीपवाले बोलताना गाड्यांची नावं घेत नाहीत. ‘लो-बॉनेट’ आणि ‘हाय-बॉनेट’ अशा दोन जाती सांगतात. हा फरक इंजिनाने पाडला. युद्धकाळच्या गो-डेव्हिलमध्ये आत घेणारा आणि बाहेर टाकणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला बसलेले. त्यामुळे हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण आणि इंजिन बुटकं. नंतर विलीजने ‘हरिकेन’ इंजिन आणलं. त्यात बाहेरचा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच राहिला, पण आतला हेडमध्ये गेला. श्वास मोकळा झाला, ताकद सत्तरीच्या वर गेली आणि इंजिनाची उंचीही वाढली. ते बसवायला 1953 मध्ये सीजे-3बी हे मॉडेल आलं, उंच नाकाचं. बाकीची गाडी जवळपास तशीच ठेवून नुसतं बॉनेट वर उचललेलं!

हीच उंच नाकाची जीप भारतीय रस्त्यांवर सर्वाधिक काळ टिकली. मुंबईत 1945 साली महिंद्र बंधू, जे. सी. आणि के. सी., आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. माझगावच्या कारखान्यात आधी विलीजच्या सुट्या भागांतून जीपा जोडल्या गेल्या, मग हळूहळू भागही इथेच बनू लागले. अमेरिकेत सीजे-3बीचं उत्पादन 1960 च्या दशकात थांबलं, तरी तिचे वंशज महाराष्ट्रात पुढची कितीतरी वर्षं बनत राहिले. म्हणूनच हाय-बॉनेटचा भाग आजही मुंबईत कुर्ल्याच्या किंवा दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात हाती लागतो. अस्सल लो-बॉनेटच्या भागासाठी मात्र वाट पाहावी लागते.

आधी गाडी वाचायची

जीप घेताना बहुतेक जण रंग आणि टायर बघतात. बघायला हवी चेसी. विलीजच्या युद्धकालीन चेसीत रेडिएटरखालचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, फोर्डच्या चेसीत तो चौकोनी, पत्रा वळवून केलेला असतो. फोर्डने आपल्या असंख्य भागांवर, बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उमटवलं. पुढच्या जाळीत नऊ फटी असतील तर ती युद्धकालीन, सात असतील तर नागरी सीजे. अगदी सुरुवातीच्या विलीजमध्ये तर जाळी ठोकून काढलेल्या पत्र्याची नव्हतीच. सपाट पट्ट्या वेल्ड केलेल्या होत्या.

गोम अशी, की हे सगळे पुरावे एकाच गाडीवर एकमेकांशी भांडताना सापडतात. युद्ध चालू असतानाच लष्करी डेपोंनी फोर्ड आणि विलीजचे भाग सरमिसळ केले. पुढे लिलावात निघालेली गाडी एखाद्या इनामदाराच्या वाड्यात, जंगलखात्याच्या कंत्राटदाराकडे, ऊसवाल्याच्या शेतावर राबली. दर मालकाने जे मिळेल ते बसवलं. पेट्रोल महागल्यावर तर अनेकांनी मूळ इंजिन उतरवून डिझेल बसवलं. त्यासाठी इंजिनाचे माउंट कापले, नवे वेल्ड केले, कधी गिअरबॉक्सही बदलला. पुढे आलेलं जड डिझेल पेलायला कमानपाट्यांत एखादा पाटा वाढवला. तुमच्या हाती येते ती गाडी अशी अनेक दुरुस्त्यांचे थर चढलेली असते.

म्हणून गाडी बांधणाऱ्याचा पहिला निर्णय हा, की कोणत्या थरापर्यंत खाली जायचं. कारखान्यातून निघाली त्या दिवशीची जीप हवी, की गेली पन्नास वर्षं चालली तशी, पण धडधाकट हवी? दोन्ही उत्तरं योग्य आहेत. मात्र काम अर्ध्यावर आल्यावर उत्तर बदलणाऱ्याचे पैसे बुडतात. एखाद्या कोपऱ्यात रंगाखाली जुन्या लष्करी पांढऱ्या अक्षरांची किनार दिसत असेल, तर तेवढा पत्रा सॅंडपेपर लावण्याआधी फोटो काढून, मोजमाप घेऊन नोंदवून ठेवावा. तो एकदा घासला गेला की गाडीचा तेवढा इतिहास गेला.

या सगळ्याच्याही आधी कागद. आरसी बुकातला चेसी नंबर प्रत्यक्ष चेसीवर हाताने चाचपून वाचावा. नंबराभोवतीचं लोखंड ग्राइंडरने घासलेलं असेल, आकडे वेड्यावाकड्या रेषेत नव्याने ठोकलेले असतील, तर गाडी कितीही देखणी असली तरी तिथून निघावं. मग एक जाड पेचकस घेऊन चेसीच्या आडव्या दांड्यांवर आणि कमानपाट्यांच्या हँगरजवळ जोराने टोचत जावं. लोखंड खणखणीत असेल तर पेचकस घसरतो. पोकळ झालेलं असेल तर आत शिरतो.

खोलण्याची शिस्त

गाडी खोलायला फारसं कौशल्य लागत नाही. ती परत जोडायला लागतं. त्यामुळे सगळी शिस्त खोलतानाच पाळायची. प्रत्येक भाग सुटण्याआधी त्याचा फोटो, सुटल्यावर बोल्ट-नट-वॉशरसकट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. वायरिंगची गुंतवळ कापण्याआधी दोन्ही टोकांना नंबर. कामाची वही वेगळी असावी. तिच्यात तारीख, काय काढलं, काय मोडलं, काय मागवलं, हे सगळं यावं.

जीपच्या काही खोड्या आधीच माहीत असल्या तर नुकसान टळतं. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. चाक फिरताना नट आपोआप ढिले होऊ नयेत, म्हणून ही योजना. ते माहीत नसलेला माणूस पान्यावर उभा राहून जोर करतो आणि स्टड मोडतो. स्टडच्या टोकावर ‘एल’ दिसला की पाना उलटा फिरवायचा. युद्धकालीन गाडीला कॉम्बॅट रिम असेल, म्हणजे दोन भागांची, बोल्टने जोडलेली रिम, तर टायरमधली सगळी हवा काढल्याशिवाय तिचे बोल्ट सोडूच नयेत. हवेच्या दाबाने रिमचा भाग उडाला तर माणूस जिवाला मुकतो.

पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली असते. तिला भोक पडलेलं असलं तरी घरी वेल्डिंग करायचं नाही. टाकी कोरडी दिसत असतानाही आत पेट्रोलची वाफ राहते आणि ठिणगीने तिचा स्फोट होतो. ब्रेक ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकून उडवायची नाही, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे कोरडं घासण्याऐवजी ओलं घासावं आणि मुलांना त्या जागेपासून लांब ठेवावं. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली जायचं नाही, हा नियम तर सांगायलाही नको. पण मोडला जातो तो सगळ्यांत जास्त हाच.

पत्रा आणि गंज

जीपच्या बॉडीचा गंज वरून दिसत नाही, कारण तो खालून चढतो. फ्लोअरला ताकद यावी म्हणून पत्र्याखाली टोपीच्या आकाराच्या पन्हळी वेल्ड केलेल्या असतात, आणि युद्धकालीन गाड्यांत त्या पन्हळींच्या पोटात लाकडाच्या पट्ट्या भरलेल्या असत. लाकूड पाणी धरून ठेवतं, पत्रा आतून खाल्ला जातो आणि वर रंग मात्र शाबूत राहतो. फ्लोअरवर हातोडीच्या दांड्याने टकटक केल्यावर आवाज बद्द आला तर तिथला पत्रा कापून बदलायचा. यावर लांबी भरणं म्हणजे स्वतःला फसवणं. लांबी ही पातळ पोचा सारखा करण्यापुरती. भोक बुजवायला नव्हे. संपूर्ण बॉडीच गेलेली असेल तर हरियाणात मंडी डबवालीला नवी बांधून मिळते. ते गाव उघड्या जीपा बनवण्यासाठीच ओळखलं जातं. पण अस्सलपणा जपायचा असेल तर जुन्याच बॉडीला जोड देणं चांगलं.

छोट्या गंजक्या भागांसाठी घरच्या घरी करण्याजोगी एक सुंदर युक्ती आहे, विजेने गंज काढण्याची. प्लॅस्टिकचा पिंप घ्या. त्यात पाणी आणि धुण्याचा सोडा घाला, चार-पाच लिटरला एक मोठा चमचा. कडेने साध्या लोखंडाच्या सळ्या उभ्या करा आणि त्या एकमेकींना तारेने जोडा. गंजलेला भाग मध्ये तारेने लोंबकळत ठेवा, सळ्यांना कुठेही न टेकवता. बॅटरी चार्जरची ऋण वायर भागाला, धन वायर सळ्यांना. चार्जर चालू करताच भागाभोवती बारीक बुडबुडे यायला लागतात. काही तासांत तांबडा गंज काळ्या, मऊ थरात बदलतो आणि तो तारेच्या ब्रशने सहज निघतो. मूळ लोखंड झिजत नाही, कोपरे आणि आटे जसेच्या तसे राहतात. सँडब्लास्टिंगला हे जमत नाही.

या कामात चार गोष्टींचं भान ठेवावं लागतं. वायरी उलट्या लागल्या तर गंजाऐवजी तुमचा भागच विरघळतो. सळ्या स्टेनलेस स्टीलच्या नकोत, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुड्यांमधला वायू हायड्रोजन असतो, म्हणून हे काम उघड्यावर आणि विडी-सिगारेटपासून दूर करायचं. आणि कमानपाटे किंवा उच्च ताकदीचे बोल्ट यात बुडवायचे नाहीत. हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करतो. भाग बाहेर काढला की धुऊन, पूर्ण वाळवून त्याच दिवशी प्रायमर मारावा. कोकणातल्या दमट हवेत उघडं लोखंड रातोरात पुन्हा तांबूस होतं.

इंजिन: घरी काय, लेथवर काय

वर्षानुवर्षं बंद पडलेलं इंजिन सेल्फ मारून फिरवायला जाणं हा घाईचा परिणाम. आधी प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावं, काही दिवस मुरू द्यावं, मग क्रँकच्या हँडलने हलकेच फिरवून बघावं. फिरलं, तर कॉम्प्रेशन तपासावं. आकडा किती आहे यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, याला महत्त्व. एक सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजायचं. आकडा वर गेला तर दोष रिंगांत, तसाच राहिला तर व्हॉल्व्हमध्ये.

गो-डेव्हिलचं हेड काढणं अवघड नाही, कारण त्यात व्हॉल्व्ह नाहीतच. व्हॉल्व्ह घरी पेस्ट लावून घासता येतात आणि ब्लॉकच्या बाजूचं झाकण काढून टॅपेटचं अंतर फीलर गेजने लावता येतं. सिलिंडर बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, ब्लॉकला तडा आहे का ते तपासणं, ही कामं लेथवाल्याची. ती घरी जमवू पाहू नयेत. परत जोडताना फायरिंगचा क्रम 1-3-4-2 हा विसरू नये. कॉम्प्रेशनचं प्रमाण फक्त 6.48 असल्याने आजचं साधं पेट्रोल तिला चालतं. पण त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खातं. म्हणून हे सगळं नवं, इथेनॉल सोसणारं बसवावं.

युद्धकालीन गाडीची वीज 6 व्होल्टची असते. निम्म्या व्होल्टेजवर तेवढंच काम करायला दुप्पट करंट वाहावा लागतो, म्हणून तिला जाड केबल आणि चकाचक अर्थ हवा. 12 व्होल्ट गाडीच्या पातळ केबल लावून मग ‘सेल्फ उचलत नाही’ म्हणणाऱ्यांच्या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं.

दोन दांडे आणि एक थरथर

मेन गिअरच्या शेजारी दोन छोटे दांडे असतात. एकाने पुढची चाकं जोडली जातात, दुसऱ्याने लो गिअर लागतो. ट्रान्सफर बॉक्समध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टला वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात. चिखलात चाक थोडं सरकून हा फरक भरून काढतं. डांबरावर ते सरकू शकत नाही, आणि सगळा ताण शाफ्टमध्ये पिळासारखा साठतो. मग दांडा निघता निघत नाही. थोडं मागे घेतलं की सुटतो. त्यासाठी गिअरबॉक्स खोलायला सांगणाऱ्या मेकॅनिकपासून सावध!

दुसरी प्रसिद्ध तक्रार थरथरीची. पन्नासच्या आसपास वेगाला, एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं नाचायला लागतात आणि स्टिअरिंग हातातून हिसकावलं जातं. बरेच जण स्टिअरिंगला डँपर बसवून मोकळे होतात. त्याने दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. जीपमध्ये स्टिअरिंगचा जोर बेल-क्रँक नावाच्या मधल्या खुंटीवरून चाकांकडे वळतो. तिची पिन आणि बुश झिजले की खेळ वाढतो. त्याहून मोठं कारण किंगपिनच्या बेअरिंगांचं. त्यांच्यावर योग्य दाब हवा, आणि तो पातळ शिमच्या चकत्या कमी-जास्त करून ठेवायचा असतो. मोजायला स्प्रिंगचा साधा तराजू पुरतो. टाय-रॉड सोडून तराजूचा आकडा नकलच्या हाताला अडकवायचा, सावकाश ओढायचं, आणि नकल सरकताना किती वजन दाखवतं ते मॅन्युअलशी ताडायचं. एका रविवारचं हे काम गाडीचा स्वभाव बदलून टाकतं.

ब्रेकच्या बाबतीत तडजोड नको. चारही चाकांना एकच सर्किट आहे. एक नळी फुटली की पेडल थेट फळीला लागतं. जुन्या नळ्या बाहेरून बऱ्या दिसल्या तरी सगळ्या बदलाव्यात, मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर नवे घ्यावेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून वापर कमी असला तरी ते ठरावीक काळाने पूर्ण बदलावं.

नंबर प्लेट आणि वही

जुलै 2021 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज भाजी आणायला जायचं असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवून दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करून घ्यावं.

कोणत्या थरापर्यंत जायचं, हा सुरुवातीचा प्रश्न इथे कायद्याच्या भाषेत पुन्हा समोर येतो. डिझेल बसवलेली, कापून लांब केलेली जीप चालायला कितीही गुणी असली, तरी व्हिंटेज नोंदणीत तिची अडचण होऊ शकते. मूळ इंजिन परत बसवायचं तर ते कुठून आलं, कोणाकडून घेतलं, कोणत्या लेथवर बोअर केलं, याच्या पावत्या लागतात. कापलेल्या माउंटचे फोटो आणि त्यांची दुरुस्ती दाखवता यावी लागते. इथे कामाची वही आणि पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या उपयोगी पडतात.

बांधून झालेली गाडी पहिले काहीशे किलोमीटर सावकाश चालवावी, इंजिनावर जोर देऊ नये, मग हेडचे नट मॅन्युअलमधल्या क्रमाने पुन्हा कसावेत, तेल बदलावं, आणि चारही ड्रम काढून लायनर, गळती आणि नळ्यांचे जोड तपासावेत. जुने काढलेले भाग, अगदी झिजलेली बेल-क्रँकसुद्धा, चिठ्ठी लावून पेटीत ठेवावेत. पुढचा मालक जेव्हा गाडी खोलेल, तेव्हा त्याला तुमचा थर कोणता आणि कारखान्याचा कोणता, हे त्या पेटीवरून आणि वहीवरूनच कळणार आहे.